बार्सिलोना ते इस्तंबूल: बंदरात उतरल्यावर काय, कधी आणि कुठे खावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरात बार्सिलोनाहून निघून इस्तंबूलला संपणारी २१ दिवसांची क्रूझ. तुम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. यजमान मासे म्हटलं की पान मांडून बसणारे. दोघांनीही साठी ओलांडलेली. जहाजावरच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेत, तर बंदरात उतरून पुन्हा खर्च करायचा का, वेळ पुरेल का, पोट बिघडेल का, आणि तुमच्या पानात तिथे काय पडेल?

मी वेंगुर्ल्याचा. १७ वर्षं क्रूझ जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काढली. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, होऊन उतरलो. त्यातले बरेच उन्हाळे याच समुद्रात गेले. प्रवाशाला बंदर दिवसभर मिळतं, आम्हाला मिळायचं ते दुपारची सर्व्हिस आवरल्यापासून संध्याकाळची तयारी सुरू होईपर्यंत, जेमतेम दोन तास. तेही त्या दिवशी आय.पी.एम.वर, म्हणजे बंदरात जहाज सोडायचं नाही अशा यादीत, नाव नसेल तर. त्यामुळे माझी माहिती गँगवेपासून, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या जिन्यापासून, वीस मिनिटांच्या चालीतली आहे. फ्लोरेन्समध्ये कुठे जेवावं ते मला विचारू नका. फ्लोरेन्ससाठी जहाज जिथे लागतं त्या लिव्होर्नोच्या बंदराबाहेर काय मिळतं ते मात्र डोळे मिटून सांगतो.

पहिला प्रश्न, बाहेर खायचं का. खायचंच. मी काम केलेल्या जहाजांवर दहा-पंधरा दिवसांचा शिधा एकदाच, कंटेनरांनी चढायचा आणि मासा बहुतेक गोठवलेला असायचा. तीन हजार माणसांना एकाच चवीचं जेवण घालायचं तर दुसरा इलाज नाही, त्यात आमच्या हातांचा दोष नव्हता. पण जहाज नेपल्सच्या धक्क्याला लागलेलं आणि वर पूलशेजारी लोक आमच्या ओव्हनचा पिझ्झा खात बसलेले पाहिले की मला आपलंच हसू यायचं. दीडशे पावलांवर पिझ्झ्याचं माहेर, आणि इथे माझ्या हातचा!

वेळेचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जहाज साधारण सकाळी सात-आठला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी तुम्ही वर असायला हवं. या किनाऱ्यावरची माणसं दुपारी एक-दीडला जेवतात, स्पेनमध्ये तर दोनच्या पुढे. अडीच-तीनच्या सुमारास, स्पेनमध्ये चारला, बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सात-आठपर्यंत. म्हणजे रात्रीचं जेवण तुमच्या वाट्याला येणारच नाही, ते जहाजावर. तुमच्या हातात दोनच गोष्टी: सकाळचा बाजार आणि दुपारचं जेवण. आणि प्रवासी नेमका सकाळी साडेआठला बुफेवर भरपेट खाऊन उतरतो. एक वाजता भूक नसते, तीनला लागते, आणि तीनला जिथे काही मिळतं ती दुकानं फक्त पर्यटकांसाठी उघडी असतात. तेव्हा बंदराच्या दिवशी सकाळी चहा आणि एखादं फळ, बस्स. बुफे कुठे पळून जात नाही, समुद्रावरच्या दिवशी तो आहेच.

मनगटावर एक साधं घड्याळ ठेवा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा. ग्रीस आणि तुर्कस्तान इटलीच्या एक तास पुढे आहेत. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ पकडतो आणि जहाज कधी कधी आपलीच वेळ चालवतं. धक्क्यावर धावत येणारी जोडपी मी वरून पाहिलेली आहेत. त्यांच्या हातात बहुधा आइस्क्रीम असतं.

आता तुमचं पान. यजमानांची काळजी मला नाही, तुमची थोडी होती; पण या समुद्राने तुमची सोय फार जुनी करून ठेवली आहे. ती सोय म्हणजे बेसन.

माझ्या दुसऱ्या काँट्रॅक्टमध्ये लिव्होर्नोला गोदी कामगारांच्या मागोमाग एका दुकानात शिरलो. आत भट्टीतून परातीएवढी थाळी निघाली आणि वास आला तो थेट आमच्या आईच्या धिरड्याचा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पीठ काही तास भिजवून ठेवायचं, मोठ्या गोल थाळीत पातळ ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत वरून खरपूस होऊ द्यायचं. हळद नाही, तिखट नाही, सोडा नाही, वरून फक्त मिरपूड. लिव्होर्नोत याला तोर्ता दी चेची म्हणतात. पावात घालून मागायचं तर म्हणायचं ‘चिंक्वे ए चिंक्वे’, म्हणजे पाच नि पाच. पूर्वी पाच सेंटचा पाव आणि पाच सेंटचं बेसन असं गिऱ्हाईक मागायचं, त्यावरून हे नाव पडलं. जेनोवात हाच पदार्थ फारिनाता होतो आणि नीसमध्ये सोक्का. जेनोवाचे लोक याची गोष्ट सांगतात: १२८४ साली लिव्होर्नोसमोरच्या मेलोरियाच्या लढाईत त्यांनी पिसाचं आरमार बुडवलं, परतताना वादळात हरभऱ्याच्या पिठाची आणि तेलाची पिंपं उलटली, खारट पाण्यात सगळं कालवलं गेलं आणि उन्हात वाळून त्याची पोळी झाली. दंतकथाच ती. पण बेसन कालवायला लढाई लागते, हे ऐकून आमची आई फार हसली होती.

मार्सेच्या पानिस आणि पालेर्मोच्या पानेल्ले या दोन्ही तर सरळ पाटवड्या. पीठ पाण्यात घाटून घट्ट शिजवायचं, थापायचं, थंड झालं की कापायचं. फरक इतकाच की ते पुढे तळतात. पालेर्मोत पानेल्ले तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून देतात. वडापावाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलेला मुंबईचा एक वेटर माझ्यासोबत होता. रोड्सला पिटारुडिया मिळतात, म्हणजे हरभऱ्याचे, कांदा-टोमॅटो-पुदिना घातलेले वडे. यात कुणी कुणी अंडं घालतं, तेवढं विचारून घ्या. एकदा मी फारिनातावर खिशातली लसणाची चटणी भुरभुरली. दुकानदाराने चाखून पाहिली, खांदे उडवले आणि डबी ठेवून घेतली.

मार्से, जेनोवा, लिव्होर्नो, पालेर्मो आणि रोड्स मिळून पाच बंदरं झाली. जेनोवात धक्का गावालाच लागून आहे, आणि जुन्या बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानींखाली तळणाची आणि फारिनाताची दुकानं आहेत. तिथे सकाळी फोकाच्चा, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, खा. तिथले लोक ती कॉफीत बुडवून खातात, आपण बुडवलीच पाहिजे असं नाही. पेस्टो या तिथल्या हिरव्या चटणीबद्दल एक सांगतो. त्यात तुळशीच्या कुळातला बाझिल असतो आणि मांस अजिबात नसतं, पण पार्मेजान आणि पेकोरिनो चीज असतं. ही चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, लावतात. हे तुम्हाला चालतं की नाही हे घरूनच ठरवून निघा. तिथल्या वेटरशी या विषयावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही, हे मी करून पाहिलंय.

नेपल्सला तुमच्यासाठी ‘मारिनारा’ पिझ्झा. नावात समुद्र आहे, पण मासा नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, एवढंच, चीजसुद्धा नाही. भट्टी सव्वाचारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. मधला भाग ओला राहतो, कच्चा आहे म्हणून परत पाठवू नका, तो तसाच असतो. पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बहुतेक चांगल्या पिझ्झेरिया साडेअकरा-बाराच्या सुमारास उघडतात. उघडायच्या दहा मिनिटं आधी दारात उभं राहायचं. साडेबाराला गेलात तर तासभर रांग आणि जीव जहाजाकडे. तिथली स्फोल्यातेल्ला ही शंभर पदरी मिठाई दिसायला मोहात पाडते, पण तिच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी असते. सिसिलीच्या कान्नोलीच्या नळीचंही बहुधा तेच. तुम्ही सिसिलीत लिंबाची नाहीतर बदामाची ग्रानिता घ्या, आपल्या बर्फाच्या गोळ्यासारखी. तिच्याबरोबरच्या ब्रियोश पावात अंडं असतं, तो यजमानांकडे सरकवा.

पालेर्मोसाठी अख्खा दिवस ठेवा, सहल-बिहल काही घेऊ नका. धक्क्यापासून चालत गाव, गावात काप्पो, वुच्चिरिया आणि बाल्लारोचे बाजार. ओरडून माल विकण्याची तिथली पद्धत ऐकली की आपलं मंडईतलं कान किटणं परवडलं असं वाटतं. अरबांनी नवव्या शतकात हे गाव घेतलं. लिंबू-संत्री, ऊस, वांगी त्यांच्याबरोबर इथे आली, आणि वांग्याचं या लोकांनी जे केलं ते कापोनाता: तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स, वर व्हिनेगर-साखर. थंड खातात. आंबटगोड भाजी ज्यांना आवडते त्यांच्यासाठी इटलीत याहून चांगलं काही नाही. मग अरान्चिना, भाताचा तळलेला गोळा. पालेर्मोत तो स्त्रीलिंगी, कातानियात पुल्लिंगी, आणि यावरून खरोखर भांडणं होतात. तुम्ही ‘अल बुर्रो’, म्हणजे लोण्याची, असं ऐकून फसू नका. तिच्यात बहुतेक ठिकाणी हॅम, म्हणजे डुकराचं मांस, असतं. पालकाची मागा. यजमानांचं धाडस असेल तर ‘पाने का मेउसा’, म्हणजे गुरांची पानथरी चरबीत परतून पावात. मी खाल्लं. एकदा पुरे.

ग्रीसला पोचलात की एकच शब्द पाठ करा: ‘निस्तिसिमो’. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास वर्षातल्या निम्म्याच्या आसपास दिवसांना असतात, आणि त्या दिवसांत मांस, अंडं, दूध वर्ज्य. त्यामुळे ‘मी शाकाहारी’ असं सांगून जो चेहरा समोर येतो, तो ‘निस्तिसिमो आहे का?’ विचारल्यावर येत नाही. आजीबाई सरळ स्वयंपाकघरात नेऊन पातेली उघडून दाखवतात. गिगान्तेस म्हणजे टपोरे पांढरे वाल टोमॅटोत भाजलेले, ब्रियाम म्हणजे भाजलेली मिश्र भाजी, हॉर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्यांवर तेल आणि लिंबू. फक्त लक्षात ठेवा, आपल्याकडे उपवासाला साबुदाणा चालतो तसं तिकडे माकूल आणि कोळंबी चालते! तेवढं वेगळं सांगावं लागतं. सांतोरिनीत होडीने उतरायचं, केबल कारच्या रांगेत उभं राहायचं, गर्दी बेसुमार. तिथे फावा खा, आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातल्या दाण्याचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, आणि लवकर खाली या.

आणखी दोन-तीन बंदरं पटापट सांगतो. बार्सिलोनात बोकेरिया बाजार बघायला जा, जेवायला नको, आणि रविवारी तो बंद असतो. कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ लिहिलेली पाटी शोधा: दोन पदार्थ, पाव, पेय, गोड, सगळं एका ठरलेल्या दरात. तुमच्यासाठी एस्कालिवादा, म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरच्या, पण वर अँचोव्ही, म्हणजे खारवलेला छोटा मासा, नको म्हणून सांगायचं. माल्टात मटारचं पास्तित्सी, आपल्या मटार करंजीची माल्टातली चुलत बहीण. पीठ कशात मळलंय ते विचारा. जहाज क्रोएशियातल्या स्प्लिटला लागणार असेल तर जुन्या रोमन राजवाड्याच्या भिंतीबाहेरच्या बाजारात सोपार्निक मिळतं. दोन पातळ पोळ्यांमध्ये चाकवतासारखी पालेभाजी, निखाऱ्यांखाली भाजलेलं, वर लसूण आणि तेल. चीज नाही, अंडं नाही. तुम्ही दोन घ्याल.

आता यजमान. त्यांना सांगा, मोठा मासा दिसला की हुरळून जायचं नाही. इटलीत मेनूवर माशाचा दर पुष्कळदा ‘एत्तो’वर, म्हणजे १०० ग्रॅमवर लिहितात. आठ युरो वाचून माणूस खूश होतो, मासा निघतो सातशे ग्रॅमचा आणि बिल येतं ५६ युरोंचं. मी गॅलीतला माणूस असून पहिल्या वर्षी एका बंदरात असा फसलो, आणि पगार तेव्हा काय होता ते विचारू नका. ग्रीसमध्ये दर किलोवर असतो. मासा शिजवायच्या आधी डोळ्यांसमोर वजन करायला लावायचं, त्यात कुणाला राग येत नाही. इटलीच्या मेनूत पदार्थाच्या नावाशेजारी चांदणी असेल तर तो गोठवलेला. आणि माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागलं तर ती लबाडी नव्हे, पान मांडल्याचे पैसे असतात.

त्यांनी लहान मासा खावा, कारण तो मत्स्यशेतीत वाढवलेला नसतो. नेपल्सला आलीची म्हणजे मांदेल्यांची भावंडं, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली, काट्यासकट. स्पागेत्ती अल्ले वोंगोले म्हणजे तिसऱ्या, खोबरं सोडून सगळं ओळखीचं. लिव्होर्नोत काच्चुक्को: निदान पाच प्रकारच्या माशांचा टोमॅटोतला दाट रस्सा, तळाशी लसूण चोळलेला पाव. आमच्या मालवणी जिभेला याच्याइतकं जवळचं त्या समुद्रात दुसरं काही लागलं नाही, थोडं तिखटही असतं. मार्सेचं बुयाबेस जास्त प्रसिद्ध आहे. तिथल्या हॉटेलवाल्यांनी १९८० साली एक सनदच केली, ठरावीक यादीतले निदान चार मासे हवेत, रस्सा आणि मासा वेगळा वाढायला हवा, वगैरे. खरं बुयाबेस माणशी ६०-७० युरोंच्या पुढे जातं, पुष्कळ ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि खायला दोन तास. मार्सेचा क्रूझ धक्का जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर लांब आहे. हिशेब तुम्हीच करा. माझं मत विचाराल तर काच्चुक्को.

पोटाबद्दल. जहाजावर जी ओकारी-जुलाबाची साथ येते ती बहुतेक वेळा नोरोव्हायरसची, आणि ती हातांवरून हातांवर जाते. बुफेचा एकच चिमटा तीनशे माणसं धरतात, भीती तिथे असते, भट्टीतून निघालेल्या फारिनातात नाही. जंतुनाशक जेलवर विसंबू नका, या विषाणूला ते फारसं लागत नाही. साबण आणि पाणी. आणि जुलाब झालेच तर लपवू नका, जहाजाच्या डॉक्टरांकडे जा. एक-दोन दिवस केबिनमध्ये बसवतील, ते ऐकायचं. कच्ची कालवं यजमानांनी या प्रवासात टाळलेली बरी, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर भात भरलेले शिनाणे विकतात तेही. लिंबू पिळल्याने काही निर्जंतुक होत नाही.

जहाजावरून सँडविच बांधून नेऊ नका, बहुतेक ठिकाणी गँगवेवर काढून घेतात. बाहेरचं शिजवलेलं अन्न वर आणायलाही सहसा मनाई असते. बंद बाटलीतलं तेल, सीलबंद पुडा चालतो.

इस्तंबूलला तुमचं जहाज गलाटापोर्ट या क्रूझ धक्क्याला लागेल तर बाहेर पडल्या पडल्या काराकोय हा भाग लागतो. तिथे ‘एस्नाफ लोकान्तासी’ शोधा, म्हणजे दुकानदार-कारागिरांची दुपारची खानावळ. काचेमागे परातीत सगळं मांडलेलं असतं, बोट दाखवायचं. तुम्ही ‘झेय्तिन्याली’ मागा: ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेल्या भाज्या, श्रावणघेवड्यापासून वांग्यापर्यंत. मसुराचं सार सगळीकडे मिळतं, पण ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. ‘एत सुयु वार मा?’ एवढं विचारायचं. वार म्हणाले तर आहे, योक म्हणाले तर नाही. सोबत आयरान, म्हणजे आपलं मीठ घातलेलं ताक. साडेबाराच्या आत जा, एक वाजता चांगल्या पराती रिकाम्या झालेल्या असतात.

पैशांचं: बुयाबेससारखा एखादा मोठा बेत सोडला तर दोघांना मिळून दर बंदरी ३० ते ४० युरो हाताशी ठेवा. बेसनाच्या दिवशी पंधरासुद्धा होणार नाहीत. नोटा सुट्ट्या असाव्यात. पन्नासची नोट पाहिली की पानेल्लेवाला तोंड वाकडं करतो.